रात्री अकराचं कुलूप: विमानतळाची रात्रबंदी आणि संपातला प्रवासी

मंडळी, विमान कंपनीत संप झाला की आपण विचारतो, "संप कधी मिटणार?" प्रवाशाने त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: आज रात्री तो विमानतळ किती वाजता बंद होतो? संपाने झालेला तीन तासांचा उशीर माणूस सोसतो. तोच उशीर रात्रबंदीला जाऊन धडकला की अख्खी रात्र जाते, आणि बऱ्याचदा दुसरा दिवसही.

रात्रबंदी आपल्याला नवी नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाला २०२२ मध्ये नाइट लँडिंगची परवानगी मिळाली, तोवर दिवस मावळला की आपला विमानतळ मिटायचा. आता धावपट्टीवर दिवे आहेत, पण दिवे आहेत म्हणजे विमानतळ चोवीस तास उघडा असं नव्हे. हवाई नियंत्रण कक्ष ठरलेल्या वेळेतच चालतो, त्याला वॉच अवर म्हणतात. संध्याकाळचं विमान फार लांबलं, तर ही वेळ वाढवून मिळाल्याशिवाय ते इथे उतरू शकत नाही. मुंबईत रात्रबंदी नाही, मात्र पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्ट्यांच्या देखभालीसाठी एकेक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ विमानं थांबतात. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची; ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या कामासाठी विमानतळ चौदा दिवस पूर्ण बंद होता.

युरोपातली बंदी वेगळ्या कारणाने आली. तिथे ती शेजारी राहणाऱ्यांच्या झोपेसाठी आहे आणि कायद्याने बांधलेली आहे. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं नाहीत. ऑस्ट्रेलियातही सिडनीला १९९५ च्या कायद्याने रात्री ११ ते सकाळी ६ बंदी आहे. लंडनचा हीथ्रो पूर्ण बंद होत नाही. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत वर्षाला ५,८०० विमानांची मर्यादा आहे, शिवाय प्रत्येक विमानाला त्याच्या आवाजाप्रमाणे गुण लागतात. आवाज ३ डेसिबलने वाढला की गुण दुप्पट, आणि हंगामाच्या एकूण गुणांनाही मर्यादा आहेच. मुंबईहून युरोपची इतकी विमानं मध्यरात्रीनंतर का सुटतात, याचं थोडं उत्तर इथे सापडतं. रात्री तीनला निघालेलं विमान नऊ तासांनी, हिवाळ्यात फ्रँकफर्टच्या सकाळी साडेसातला पोचतं. कुलूप उघडलेलं असतं आणि पुढची जोडविमानंही मिळतात.

आता संपाचा दिवस घ्या. युरोपात आखूड फेऱ्या मारणारं एक विमान दिवसाला चार-सहा उड्डाणं करतं. सकाळी सामान चढवणाऱ्यांनी दोन तास काम थांबवलं की पहिला उशीर तिथेच लागतो आणि प्रत्येक फेरीत तो पुढे सरकतो. मधेच वैमानिकाचे ड्यूटीचे तास भरतात. ती मर्यादा सुरक्षेची आहे, ती कोणी वाकवू नये. पण बदली वैमानिक येईपर्यंत आणखी तासभर जातो. फ्रँकफर्टला रात्री पावणेअकरा वाजता दारं लागली, बॅगा चढल्या, तरी पुढे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, टॅक्सीवेवर, रांग असते. अकरा वाजून गेले की उड्डाणासाठी जर्मनीतल्या हेसेन राज्याच्या अधिकाऱ्यांची खास परवानगी लागते, तीही उशीर कंपनीच्या हाताबाहेरचा असेल तर आणि बारा वाजेपर्यंतच. नाही मिळाली तर विमान परत गेटवर येतं, माणसं उतरतात. ते विमान आणि त्याचे कर्मचारी दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे हवेत तिथे नसतात. संप मिटल्यानंतरच्या दिवशीही उड्डाणं रद्द होतात ती यामुळे. तेव्हा तिकीट पुढे ढकलायचं असेल तर संपाच्या दुसऱ्या दिवसाचं घेऊ नका, तिसऱ्या दिवसाचं घ्या.

संप कोणाचा आहे, हे नीट ऐकून घ्या. पैशाचा हिशेब त्यावर ठरतो. युरोपियन संघाच्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी केलेला संप हा कंपनीच्या नेहमीच्या कारभाराचा भाग आहे, ती "असाधारण परिस्थिती" नव्हे, असं युरोपियन न्यायालयाने २०२१ मध्ये वैमानिकांच्या संपाच्या खटल्यात ठरवलं. तिथे भरपाई मागा. हवाई नियंत्रकांचा संप मात्र कंपनीच्या हाताबाहेरचा धरतात, भरपाई मिळत नाही. तरीही जेवण, हॉटेल आणि दुसरं विमान देणं कंपनीला चुकत नाही. एक फरक लक्षात असू द्या. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना कंपनी कुठलीही असो, हा नियम लागतो. मुंबईहून जाताना युरोपियन कंपनी असेल तरच.

आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमात संप सरळ अपवादांच्या यादीत आहे. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर एरवी उड्डाण किती तासांचं आहे त्याप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई असते. संपात ती नाही, आणि उशिरातलं जेवण-हॉटेलही कंपनी नाकारू शकते. उरतात दोनच गोष्टी: दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे. प्रवाशाच्या बाजूने पाहता हा नियम फार तोकडा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनी आणि तिचे कर्मचारी यांच्यातल्या भांडणाचं ओझं काउंटरवर उभ्या माणसाने का उचलायचं?

रद्दचा मेसेज आला की मोबाइलवर "रिफंड"चं बटण सगळ्यात वर दिसतं. घाईत ते दाबू नका. पैसे परत घेतले की तुम्हाला पोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपली, आणि त्या दिवशी दुसरं तिकीट दुप्पट-तिप्पट दराने घ्यावं लागतं. आधी दुसऱ्या विमानाची मागणी करा, आणि तीही नेमकी: तारीख, उड्डाण क्रमांक, मार्ग. म्युनिक, झ्युरिक किंवा दोहामार्गे जागा आहे का, हे स्वतः शोधून सांगा. काउंटरच्या रांगेत उभं राहूनच हेल्पलाइनला फोन लावा आणि अ‍ॅपही उघडून ठेवा. जे आधी लागेल ते आपलं.

अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या पालकांना एक खास सांगणं. जोडविमान चुकून फ्रँकफर्टला रात्र काढायची वेळ आली आणि युरोपात शिरायला लागणारा शेंगेन व्हिसा नसेल, तर कंपनीने हॉटेल दिलं तरी सहसा विमानतळाबाहेर पडता येत नाही. टर्मिनलमध्ये मिळाली तर घडीची खाट आणि पांघरूण, नाहीतर खुर्ची. आत टाकलेली बॅग त्या रात्री हाती येईल याचा भरवसा नाही. दोन दिवसांची औषधं, त्यांची चिठ्ठी, चार्जर, स्वेटर आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीतच हवेत.

शेवटी कोल्हापूर ते मुंबई या टप्प्याचं. कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-फ्रँकफर्ट ही तिकिटं वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंग क्रमांकावर, असतील, तर पहिलं विमान रद्द झाल्याने दुसरं चुकलं तरी दुसऱ्या कंपनीला त्याचं काही नसतं. तिच्या नोंदीत तुम्ही "नो-शो", म्हणजे न आलेला प्रवासी, आणि बहुतेक वेळा परतीचं तिकीटही त्यासोबत जातं. एकाच पीएनआरवर मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या. मिळत नसेल तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा. सकाळी मुंबईत, आणि रात्रीच्या विमानाला पूर्ण दिवस हाताशी. गाडीने जाणार असाल तर पावणेचारशे किलोमीटरला आठ तास धरू नका, खंबाटकी घाट आणि पुण्याचा बाह्यवळण रस्ता मिळून बारा धरा. ट्रेन, टॅक्सी, जेवण, सगळ्याच्या पावत्यांचा फोटो त्याच दिवशी काढा. छापील पावतीवरची अक्षरं महिन्याभरातही पुसट होऊ शकतात, आणि दाव्याला उत्तर यायला अनेकदा त्याहून जास्त वेळ लागतो.