14 जानेवारीचा मराठवाडा

मित्रहो, आपले बहुतेक सण तिथीवर चालतात. पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला, लातूर-धाराशिवकडची येळवस मार्गशीर्षातल्या अमावास्येला. इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. संक्रांत मात्र सूर्यावर चालते, म्हणून ती 14 जानेवारीच्या आसपास टिकून असते. याच तारखेवर आपल्या भागाच्या आणखीही आठवणी आहेत. आज त्यांच्याबद्दल बोलायचंय.

पानिपतचं आधी उरकतो. 14 जानेवारी 1761. त्या मोहिमेची सुरुवात आपल्याच मातीतली आहे. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. ‘ऐन संक्रांतीला पानिपत झालं’ असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. पण संक्रांतीची तारीख साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म 1863 च्या संक्रांतीचा, आणि ती होती 12 जानेवारीला. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात, तर 1761 ची संक्रांत लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली. ती लढाई पौष शुद्ध अष्टमीची. पुढे संक्रांत 14 तारखेवर आली आणि लोकांच्या मनात दोन्ही दिवस एक झाले. मला यात चूक दाखवण्यात रस नाही. एवढं मोठं दुःख कुठल्यातरी ओळखीच्या दिवसाला बांधून ठेवल्याशिवाय लोकांना ते सांभाळता येत नाही, असं मला वाटतं.

आता सुगडाकडे या. त्यात काय असतं बघा: हरभऱ्याचे घाटे, ज्वारीचं कोवळं कणीस, बोरं, उसाची कांडकी, गाजर, तीळ, भुईमुगाच्या शेंगा. त्या आठवड्यात शिवारात जे काही आहे, ते सगळं त्या एवढ्याशा मडक्यात बसवलेलं. आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. ज्या वर्षी परतीचा पाऊस दगा देतो, त्या वर्षी घाटेसुद्धा बाजारातून विकत आणावे लागतात. रब्बी कशी गेली हे पाहायचं असेल तर बायकांच्या सुगडात डोकावून बघा.

आणि आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा आहे, ते. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतं, उच्च शिक्षणासाठी हैदराबादकडे बघावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ आलं 1958 मध्ये. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं, असा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 ला केला आणि मराठवाड्यातली गावं पेटली. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं गेलं. 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँगमार्च निघाला. 1993 मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. ठरावापासून जवळजवळ सोळा वर्षं गेली, तेव्हा 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. एका नावासाठी एवढी किंमत मोजावी लागली, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे, आणि संक्रांतीच्या व्यासपीठावरूनही ती बोलली पाहिजे.

तेव्हापासून दरवर्षी या दिवशी लोक ‘गेटवर’, म्हणजे विद्यापीठाच्या कमानीपाशी, येतात. नुसतं ‘गेट’ म्हटलं तरी मराठवाड्यात कळतं. गाड्या करून, एसटीने, खेड्यापाड्यांतून येतात. निळे झेंडे, भीमगीतं, पुस्तकांचे स्टॉल, पोरांचे सेल्फी. तिथे मी एका म्हातारीला पाहिलं. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर सावरला, कमानीच्या खांबाला दोन्ही हात लावले आणि कपाळ टेकवलं. मग सोबतच्या नातीचा हात धरून तोही त्याच दगडावर ठेवला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं. लोकपरंपरा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचं काहीतरी, असं आपण धरून चालतो. मी म्हणतो, ती आपल्या हयातीत, आपल्या डोळ्यांदेखत तयार झाली आहे. आपले लोकसाहित्याचे अभ्यासक ओव्या गोळा करतात, उखाणे गोळा करतात, ते करावंच. पण गेटवर वही घेऊन उभे राहिलेले फारसे दिसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक. संक्रांत सरकतेच आहे. 2023 आणि 2024 ला ती 15 तारखेला आली, पुढे पुढे 15 लाच येत राहील. नामविस्तार दिन 14 लाच राहणार. म्हणजे हे दोन दिवस एकत्र येण्याचा काळ आपल्याच पिढ्यांच्या वाट्याला आला आहे.

म्हणून इथे बसलेल्या मुलामुलींना माझं एक मागणं आहे. ज्यांनी 1978 चा जुलै जाणत्या वयात पाहिला, ते आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या गावात जा, त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्या रात्री कोण कुठे लपलं, कुणी कुणाला घरात घेतलं, कुणी दार लावून घेतलं, लाँगमार्चला कोण गेलं, पहिल्यांदा गेटवर कधी आणि कसे आले, हे विचारा. आणि तुमच्या आजीला विचारा, दुष्काळात सुगडात काय भरलं होतं. दोन्ही उत्तरं एकाच फाइलमध्ये ठेवा.