कपाटातून बाहेर: बीएची मुलं सायकॉलॉजीचं जर्नल कसं चालवतात

[दृश्य: डिपार्टमेंटचा पॅसेज. मामा किल्ल्यांचा जुडगा काढतात, लोखंडी कपाट उघडतात.]

हे कपाट वर्षातून दोनदाच उघडतं, एकदा नवीन प्रोजेक्ट ठेवायला आणि एकदा जुने काढून त्यांना जागा करायला. आज मामांनी आपल्यासाठी उघडलंय. काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत बटर पेपर. यातल्या प्रत्येकात कुणाचं तरी सहा-सात महिन्यांचं काम आहे, कुणीतरी उन्हातान्हात फिरून लोकांकडून फॉर्म भरून घेतलेत, रात्री बसून एक्सेलमध्ये एकेक आकडा टाकलाय, मग एक दिवस एक्स्टर्नल आले, पानं चाळली, दोन प्रश्न विचारले, मार्क दिले. त्यानंतर हे कुणीच वाचलेलं नाही. आणि काही वर्षांनी हे सगळं रद्दीत जातं.

[दृश्य: मामा खालच्या कप्प्यातला गठ्ठा बाहेर काढून ठेवतात. धूळ.]

[दृश्य: कॅन्टीनच्या मागची खोली. लांब टेबल, चार लॅपटॉप, चहाचे कप.]

जर्नल म्हटलं की आपल्याकडे कुठल्याही मुलाला प्रॅक्टिकलची वही आठवते. कंप्लीट करायची आणि सर्टिफाय करून घ्यायची, ती. सायकॉलॉजीवाल्यांचीही असते, प्रॉब्लेम, हायपोथिसिस, प्रोसिजर, इंट्रोस्पेक्टिव्ह रिपोर्ट, आणि बाकावर शेजारी बसणारीच आपली सब्जेक्ट, पुढच्या आठवड्यात आपण तिचे. पण पुण्यातल्या या टेबलाभोवती बसलेली नऊ मुलं दुसऱ्या अर्थाचं जर्नल चालवतात, ज्यात लेख येतात, तपासले जातात, परत पाठवले जातात, पुन्हा येतात आणि मग छापले जातात. लिहिणारे बीएचे आणि एडिटरही बीएचेच. एक मॅडम सल्लागार आहेत, पण लेख घ्यायचा की नाही हे त्या ठरवत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगून टाकलं होतं.

कल्पना नवीन नाही. लाइपझिगला विल्हेल्म वुंटनी १८७९ मध्ये सायकॉलॉजीची लॅब सुरू केली, आणि पुढे दोनच वर्षांत स्वतःचं जर्नल काढलं, त्यात त्यांच्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांचे प्रयोग छापून यायचे. म्हणजे हा विषय उभा राहिला तोच विद्यार्थ्यांच्या कामावर. आपल्याकडे १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात एक्स्पेरिमेंटल सायकॉलॉजीचं डिपार्टमेंट निघालं. आणि या मुलांनी जे समोर ठेवलंय ते युरोपातलं, जर्नल ऑफ युरोपियन सायकॉलॉजी स्टुडंट्स, २००९ पासून निघतं, वेगवेगळ्या देशांतली मुलं मिळून चालवतात, वाचायला पैसे नाहीत आणि छापायलाही नाहीत. सेकंड इयरला असताना यातल्या एकीला ते सापडलं, तिने ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, आपण का नाही?

[दृश्य: स्क्रीनचा क्लोजअप. माउस फाइलच्या प्रॉपर्टीजवर जातो.]

आता हे नीट बघा. लेख आला की पहिलं काम हे, लिहिणाऱ्याचं नाव काढणं, म्हणजे तपासणाऱ्याला लेख कुणाचा ते कळू नये. पहिल्या पानावरचं नाव काढणं सोपं आहे, पण वर्डची फाइल असते ना, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून नाव तसंच राहतं, आणि तपासणाऱ्याने तिथे क्लिक केलं की सगळं उघडं. मग मेथडमध्ये 'आमच्या कॉलेजच्या होस्टेलमध्ये' असं लिहिलेलं असतं ते बदलायचं, आभार काढायचे, शेवटी जोडलेल्या कन्सेंट फॉर्मवर मुलीचा मोबाइल नंबर असतो तो झाकायचा. पुण्यात सायकॉलॉजी घेतलेली मुलं एकमेकांना कुठून ना कुठून ओळखतातच, क्लासमधून, फेस्टमधून, कुणाची तरी रूममेट. त्यामुळे नाव गेलं तरी कोण आहे ते कळू शकतं, म्हणून यांनी नियम केलाय की पुण्यातला लेख तपासायला बाहेरगावी जाणार. लेख पुण्याचा असेल तर तपासणारे नागपूर, कोल्हापूर, नाशिकचे. प्रत्येक लेखाला दोघं, एक विद्यार्थी आणि एक एमए झालेलं किंवा पीएचडी करणारं कुणीतरी.

[दृश्य: ताई पेनने एक ओळ खोडतात. समोर सेकंड इयरची मुलगी.]

या ताई दोन वर्षांपूर्वी इथूनच पास झाल्या, शनिवारी येतात. समोरच्या मुलीने आयुष्यातला पहिला रिव्ह्यू लिहून आणलाय.

[बाईट, ताई: "मेथड वीक आहे? अगं, वीक म्हणजे काय? तिला कसं कळणार काय बदलायचं ते? पान सांग, ओळ सांग, आणि तू असतीस तर काय केलं असतंस ते लिही. ते सुचत नसेल तर प्रश्न म्हणून विचार."]

हा इथला नियमच आहे, हरकत घ्यायची तर पान नंबर द्यायचा आणि उपाय सुचवायचा. मोठमोठ्या जर्नलच्या रिव्ह्यूमध्येही हे दर वेळी मिळत नाही. इथे लेख नाकारला तरी किमान एक पानभर लिहून पाठवतात, कारण ज्या मुलीने तो लिहिलाय तिच्याशी तिच्या कामाबद्दल एवढं सविस्तर आजवर कुणी बोललेलंच नसतं.

[दृश्य: व्हाइटबोर्ड. वर मोठ्या अक्षरात 'करमत नाही'.]

या सीझनचा सगळ्यात जास्त वेळ घेतलेला लेख हा. गावाकडून शिकायला आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलामुलींना होस्टेलमध्ये वाटणारा एकटेपणा. लेखिकेने एकटेपणा मोजणारं यूसीएलए लोनलीनेस स्केल वापरलं होतं, १९७८ मध्ये अमेरिकेत तयार झालेलं, वीस विधानांचं, जगभर वापरतात. तिने त्याचं मराठी केलं आणि वाटलं. पण सोबत तिने एक मोकळा प्रश्न ठेवला होता, इथे आल्यावर पहिले काही महिने कसं वाटलं, तुमच्या शब्दांत लिहा. आणि उत्तरांमध्ये पानोपानी एकच शब्द, करमत नाही. इथे करमत नाही. रविवारी करमत नाही. मेसमध्ये जेवताना करमत नाही.

आता करमत नाही म्हणजे काय? एकटं वाटतं? कंटाळा येतो? घरची आठवण येते? एडिटरांनी काय केलं बघा, बोर्डवर चाललंय ते. भाषांतर तपासायची एक पद्धत आहे, एकाने इंग्रजीचं मराठी करायचं आणि ज्याने मूळ इंग्रजी बघितलेलंच नाही अशा दुसऱ्याने त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं, आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवायची. यांनी त्याच पद्धतीने मुलांची वाक्यं उलटी नेली. चौघांना दिली. एकीकडून बोअर होतंय असं इंग्रजी आलं, दुसऱ्याकडून घराची आठवण येते, तिसरीकडून मन लागत नाही, आणि चौथ्याने कोरं ठेवलं, म्हणाला याला शब्द नाहीये. बोर्डवर ती चौथी जागा कोरीच आहे, पुसलेली नाही.

आणि हे नुसतं शब्दांपुरतं नाही. आजूबाजूला गर्दी आहे, रूमवर चौघीजणी आहेत, तरीही करमत नाही. एकटं असणं वेगळं आणि न करमणं वेगळं हे आपल्याला आजी सांगते, पण ज्या स्केलवर आपण आपल्या मुलांचे स्कोर काढतो त्याला ते माहीत नाही, आणि त्यात स्केलची चूक नाही, ते इथल्यासाठी बनलंच नव्हतं. २००८ मध्ये एका अमेरिकन संशोधकाने मोठ्या सायकॉलॉजी जर्नलमधले लेख तपासले तेव्हा ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यातली ९६ टक्के माणसं पाश्चिमात्य श्रीमंत देशांतली निघाली, आणि त्या देशांत जगातली जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. मग करमत नाही हे कोण मोजणार? ज्याला ते होतं तोच ना. म्हणजे होस्टेलवरची हीच मुलगी. तिचा प्रोजेक्ट कपाटात गेला तर तो शब्दही कपाटात जातो.

[दृश्य: फॉर्मचे गठ्ठे. दोघीजणी जन्मतारखांवरून बोट फिरवतात.]

मग हे निघालं. फर्स्ट इयरची मुलं, म्हणजे बरीचशी सतरा वर्षांची. अठरा पूर्ण नसतील तर त्यांची एकट्याची सही चालत नाही, पालकांचीही संमती लागते, आणि कन्सेंट फॉर्मवर पालकांच्या सहीची जागाच नव्हती. लेखिकेच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या गाइडच्याही नाही. एडिटरांपैकी एकीने जन्मतारखेचा कॉलम बघितला म्हणून सापडलं. एकेक फॉर्म काढून दोन गठ्ठे केले, अठराच्या वरचे आणि खालचे. तुम्ही बघताय तो उजवीकडचा गठ्ठा वगळायचा. त्यातल्या कुणाचंही उत्तर वापरायचं नाही, कितीही चांगलं असलं तरी.

[दृश्य: लेखिका लॅपटॉपसमोर. आकडे पुन्हा रन होतात. इथे निवेदन नाही, सहा सेकंद.]

पी व्हॅल्यू आधी ०.०४ होती, आता ०.०७. ज्यांना सायकॉलॉजी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खरं तर काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगाने असे आकडे येण्याची शक्यता किती, ते ही व्हॅल्यू सांगते, आणि ०.०५ ही ठरवून घेतलेली रेघ आहे, खाली आलात तर रिझल्ट मिळाला म्हणतात आणि वर राहिलात तर काही सापडलं नाही म्हणतात. आणि काही सापडलं नाही असे लेख सहसा कुणी छापत नाही, ते ड्रॉवरमध्ये जातात. रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९७९ मध्येच याला फाइल ड्रॉवर प्रॉब्लेम असं नाव दिलं होतं. छापलेलंच तेवढं दिसतं, त्यामुळे सगळं जग रेघेच्या खाली आहे असं वाटत राहतं. २०१५ मध्ये जगभरातल्या संशोधकांनी मिळून छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले, मूळ लेखांपैकी ९७ टक्क्यांमध्ये रिझल्ट होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांमध्येच आला. या विषयाला बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का, आणि एवढं होऊनही आपल्याकडे व्हायवाला जाताना मुलं विचारतात, हायपोथिसिस रिजेक्ट झालं तर मार्क कापतील का हो?

इथे उत्तर ठरलेलं आहे. प्रश्न चांगला आहे का, पद्धत प्रामाणिक आहे का, एवढंच बघायचं. युरोपातल्या त्या जर्नलने तर रजिस्टर्ड रिपोर्ट सुरू केलेत, म्हणजे डेटा गोळा करायच्या आधीच तुमचा प्लॅन तपासायचा आणि मंजूर करायचा, नंतर रिझल्ट काहीही येवो, छापणार. या मुलांनाही तेच आणायचंय. हा लेख त्यांनी ०.०७ सकट घेतला, वगळलेले फॉर्म किती आणि का ते आत स्पष्ट लिहून, आणि करमत नाही वर वेगळा भाग जोडायला सांगून. लेखिकेने तो चार वेळा लिहिला. चारही ड्राफ्ट टेबलवर आहेत, पहिल्यावर लाल शाई जास्त आणि चौथ्यावर जवळजवळ नाहीच.

[दृश्य: फोनवर आलेला मेसेज, नाव झाकलेलं.]

आणि हा दुसरा रस्ता, जो प्रत्येक ग्रुपवर फिरत असतो. पैसे भरा, आठवड्याच्या आत पेपर पब्लिश, सर्टिफिकेट सोबत. २०१३ मध्ये एका पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला खोटा सायन्स पेपर ३०४ जर्नलना पाठवला, १५७ जणांनी घेतला. आता चार वर्षांच्या डिग्रीत रिसर्चवाल्यांना शेवटच्या वर्षी १२ क्रेडिटचं डिझर्टेशन आहे, म्हणजे पेपर हवा असणारी मुलं वाढणार आणि असे मेसेजही. मुलांना दोष देऊन काय होणार, त्यांना नीट जागा कुठे आहे?

[दृश्य: रात्र. खोलीत दिवा. स्क्रीनवर अपलोड बटण.]

साइट ओपन जर्नल सिस्टम्सवर आहे, कॅनडात सुरू झालेल्या एका प्रकल्पाचं सॉफ्टवेअर, फुकट. डोमेन आणि सर्व्हरचे पैसे नऊ जणांनी वर्गणी काढून भरलेत. आयएसएसएन नंबर, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, दिल्लीहून मिळतो, त्याला फी नाही, पण आधी अंक ऑनलाइन दिसायला हवा, म्हणून आजची रात्र. पीडीएफ जोडली, पान नंबर जुळले, एका टेबलची कॉलमची रेघ सरकली होती ती परत ओढली. साडेबारा वाजले.

[दृश्य: सगळे स्क्रीनकडे. निवेदन नाही.]

अंक निघाला, पाच लेख, होस्टेलच्या रेक्टर मॅडमनी करमत नाहीवाला लेख प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावलाय.

[दृश्य: जून. तेच टेबल, नवे चेहरे.]

यातली चारजणं आता पास होऊन गेली. अशी जर्नल बंद पडतात ती इथेच, एडिटर जातात, कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि जुने सगळे मेल त्याच्यासोबत जातात. म्हणून यांनी जर्नलचा वेगळा आयडी काढलाय, आणि एक दोनशेपानी वही ठेवलीय, कुठला लेख कुणाकडे, कधी पाठवला, काय ठरलं, सगळं हाताने. वहीवर लेबल लावलंय, त्यावर लिहिलंय जर्नल.

[दृश्य: सेकंड इयरचा मुलगा वहीचं नवीन पान उघडतो.]

हा नवीन आहे. त्याच्याकडे पहिला लेख आलाय, साताऱ्याहून. त्याने फाइल उघडली, पहिल्या पानावरचं नाव काढलं, सेव्ह केलं. शेजारी बसलेली ताई काही बोलत नाही, बघत राहते. मग तो परत फाइल उघडतो आणि प्रॉपर्टीजवर क्लिक करतो.