खांद्यावरची हळद

श्रोतेहो, नमस्कार. प्रत्येकाच्या फोनमध्ये कॅमेरा आल्यानंतर छायाचित्रकाराच्या व्यवसायात आता उरले काय, असा प्रश्न फोटोग्राफी शिकू पाहणारी मुले आणि त्यांचे आईवडील मला नेहमी विचारतात. सांगलीत वडिलांनी सुरू केलेल्या स्टुडिओत मी 1988 पासून काम करतो आहे. त्या अनुभवावरून मी एवढेच सांगेन की, या व्यवसायात साधने बदलत राहतात आणि ती शिकावीच लागतात. पण गिऱ्हाईक आपल्याकडे ज्याच्यासाठी येते, ते बदलत नाही.

साधने बदलण्याची गोष्ट काही आजची नाही. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी फोटो काढत असत, त्या सुमारास काचेवर रसायनाचा थर देऊन ती काच ओली असतानाच फोटो घेण्याची पद्धत आली होती. पुढे कोरड्या काचा आल्या, रोल आले, रंगीत फिल्म आली. डिजिटल कॅमेरा तर 1975 मध्ये फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीतच तयार झाला आणि त्याच कंपनीला 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आमच्या स्टुडिओत 2005 साली मी डार्करूममधला, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतला, लाल दिवा उतरवला आणि तिथे संगणकाचे टेबल मांडले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त निगेटिव्हचे, म्हणजे रंग उलटे दिसणाऱ्या मूळ फिल्मचे, पत्र्याचे डबे स्वतःच्या हाताने माळ्यावर चढवले. निगेटिव्ह कधीही टाकू नये, हे माझे ठाम मत आहे आणि ज्यांच्या घरी ती असतील त्यांनी आजच कोरड्या जागी ठेवावीत, अशी माझी विनंती आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर लोक गाद्या, धान्य, भांडी बाहेर काढत होते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझ्या दुकानाच्या पायरीवर चिखलाने माखलेले अल्बम येऊ लागले. ओला अल्बम उन्हात वाळवून मग फोटो सोडवायला जाऊ नये. फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजून फुगलेला असतो. तो वाळताना प्लास्टिकला कायमचा चिकटतो. म्हणून अल्बम ओला असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवावा, फोटो कडेला धरून हळूहळू सोडवावा आणि सुती कापडावर चेहरा वर करून सावलीत वाळवावा. हे माझ्या हातांना संगणकाने शिकवलेले नव्हते. डार्करूममध्ये ट्रेमधून ओला फोटो उचलण्याची सवय चौदा वर्षांनी कामाला आली. लॅबमध्ये रसायनात धुतलेले कितीतरी जुने फोटो असे वाचले. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोंची शाई मात्र पाण्याबरोबर वाहून गेली होती.

त्या दिवसांत एक आजी आल्या. त्यांच्या अल्बमचा गोळा झाला होता, त्यातून काहीच निघण्यासारखे नव्हते. पुराच्या आधी दोनच वर्षे त्यांचे यजमान वारले होते आणि भिंतीवरची तसबीरही पाण्यात गेली होती. ‘‘आमच्या लेकीच्या लग्नाचे फोटो तुमच्याच वडिलांनी काढले होते,’’ एवढेच त्या म्हणाल्या. लग्नाचे साल त्यांना नेमके आठवत होते, 1991. मी माळ्यावर चढलो. वडिलांनी प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने साल आणि घराण्याचे आडनाव लिहिलेले होते, त्यामुळे तिसऱ्याच डब्यात ते पाकीट मिळाले. फोटोच्या मागेही पेनाने न लिहिता मऊ शिसपेन्सिलीनेच लिहावे, कारण पेनाची शाई पाणी लागले की पसरू शकते. पेन्सिलीचे अक्षर राहते.

हळदीच्या दिवशीचा घरातल्या सगळ्यांचा एक फोटो त्यात होता. मागच्या रांगेत यजमान उभे होते, त्यांचा चेहरा निगेटिव्हवर मुगाच्या दाण्याएवढा होता. काचेखाली दिवा लावून मी ती निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्याने टिपली, संगणकावर रंग उलटे केले आणि तीन रात्री बसून तो चेहरा स्वच्छ केला. सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर एक पिवळट डाग होता. जुन्या फिल्मला बुरशी लागते, तसाच हा असेल असे समजून मी तो काढून टाकला.

आजींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि खांद्यावर बोट ठेवून विचारले, ‘‘इथली हळद कुठे गेली?’’ त्या दिवशी लेक हळदीच्या अंगाने बापाच्या गळ्यात पडून रडली होती, तो तिच्या गालाचा डाग होता. मी निगेटिव्ह पुन्हा दिव्यावर धरली. रंगीत निगेटिव्हमध्ये पिवळा रंग निळा दिसतो, हे वडिलांनी मला अगदी पहिल्या वर्षी शिकवले होते, आणि खांद्यावर ती निळसर छटा स्पष्ट होती. बुरशीचा डाग धाग्यांसारखा पसरतो. हा तसा नव्हता. संगणकाच्या पडद्यावर बसून काम करण्याच्या घाईत मी निगेटिव्ह नीट वाचलीच नव्हती. साधन नवे घेतले आणि जुनी नजर बाजूला ठेवली, ही माझी चूक होती.

मी हळद परत आणली. दुसरी प्रत आजींनी लेकीसाठी मागून घेतली.

तेव्हापासून मी ड्रोन शिकलो, व्हिडिओ शिकलो, लग्नाचे काम आता बहुतेक त्यावरच चालते, आणि शिकायला आलेल्या मुलांनाही मी ते सगळे शिकवतो. पण जुन्या फोटोचे काम आले की, त्यांना माझ्या टेबलावर एक नियम पाळावा लागतो. संगणक सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचे, प्रत्येक डागावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, ‘‘हा ठेवायचा, की काढायचा?’’