काळ्या नळीतला साक्षीदार

विद्यार्थी मित्रांनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या शेतकरी मंडळींनो,

माझ्या हातातला हा तुकडा आमच्या मोसंबीच्या बागेतल्या ठिबकच्या नळीचा आहे. दुसऱ्याच उन्हाळ्यात ती ठिकठिकाणी चिरली. विकणारा म्हणाला, तुम्ही नीट वापरली नाही. वडील म्हणाले, माल भंगारातून बनवलेला होता. खरं काय, हे त्या नळीकडून कळायला मार्गच नव्हता. वरची छापील अक्षरं उडून गेलेली, आणि आतबाहेर सगळी काळी. त्या वर्षी बाग टँकरच्या पाण्यावर जगवली. वस्तू कुठली आणि तिच्यावर काय गुदरलं, हे सांगणारा साक्षीदार तिच्या आतच पेरता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

नळी काळी असते कारण प्लॅस्टिकमध्ये साधारण २ ते ३ टक्के काजळी मिसळतात. ती ऊन स्वतःच्या पोटात घेते, म्हणून प्लॅस्टिक टिकतं. पण तीच काजळी प्रकाशावर चालणारी तपासणी बंद पाडते. जुनं प्लॅस्टिक निवडणारी यंत्रं अवरक्त किरण टाकून परत येणारा प्रकाश वाचतात. काळ्या तुकड्याकडून जवळजवळ काहीच परत येत नाही. त्यात चमकणारा रंग घातला तरी तो दिसणार कसा? चुंबकीय क्षेत्र मात्र काजळीतून आरपार जातं. म्हणून साक्षीदार चुंबकीय हवा.

तो कशाचा करायचा? मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा. लहानपणी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक ओढ्याच्या वाळूत फिरवलं की त्याला काळी मिशी फुटायची, आठवतंय? त्यातही मॅग्नेटाइटच्याच जातीचे कण असतात, आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेले. प्रयोगशाळेत त्याचे १० नॅनोमीटरचे कण करतात. केसाची जाडी अशा कणाच्या हजारो पट असते. एवढा लहान कण म्हणजे एकच चुंबक असतो, आणि नुसत्या खोलीतल्या उष्णतेनंही त्याची दिशा सारखी पलटत राहते. बाहेरून क्षेत्र लावलं की सगळे कण वळतात. काढलं की विसरतात. हे गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ मध्ये मांडलं. चुंबकत्वावरच्या कामासाठी १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता या विषयाचं खरं मर्म सांगतो. एकटा कण फार काही बोलत नाही. बोलते ती त्यांची मांडणी. ज्वारीचं एकच बी दाट पेरा आणि विरळ पेरा, पीक वेगळं येतं, कारण शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर परिणाम होतो. हे कणही तसेच. जवळ आले की एकमेकांना ओढतात, अडवतात, आणि त्यांचा प्रतिसाद बदलतो. जर्मनीत कार्ल मँडेल या रसायनशास्त्रज्ञाच्या गटानं हीच गोष्ट कामाला लावली. नॅनोकण पाण्यात मिसळायचे, त्याचा फवारा गरम हवेत सोडायचा. दुधाची पावडर करतात तशीच ही रीत. प्रत्येक थेंब वाळून काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा, गोळा उरतो. मी त्याला कणगोळा म्हणतो. त्यात कण किती, कसे आणि किती अंतरावर, हे आपण ठरवायचं.

वाचायचं कसं? सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं क्षेत्र लावायचं. सगळे कण वळून झाले की पुढे कितीही जोर लावा, प्रतिसाद वाढत नाही. त्यामुळे उत्तर जसंच्या तसं येत नाही. मूळ वारंवारितेच्या तिप्पट, पाचपट, सातपट सूर त्यात मिसळतात. पेटी आणि बासरी एकच स्वर वाजवत असल्या तरी आपण डोळे मिटून ओळखतो ना, ते अशाच वरच्या सुरांच्या प्रमाणामुळे. कणगोळे कमी असले की आवाज हळू होतो, पण तिप्पट आणि पाचपट सुरांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. तीच त्याची ओळख.

साक्षीदाराची दुसरी करामत मला जास्त मोलाची वाटते. कणांच्या मध्ये ठरावीक तापमानाला वितळणारा मेणासारखा पदार्थ ठेवला, की त्या तापमानाच्या वर गेल्यावर कण सरकून एकमेकांना चिकटतात. गार झाल्यावरही सूर पूर्वीसारखा होत नाही. आपलं जालना बियाण्यांचं गाव. तापलेल्या गोदामात पडून उगवण गेलेली पिशवी बाहेरून चांगलीच दिसते. असा कणगोळा आत असेल तर पिशवी न फोडता कळेल. पातळ फॉइल त्याला अडवत नाही. जाड पत्र्यातून मात्र वाचता येत नाही. नळीसाठी हा मेणाचा प्रकार चालणार नाही, कारण नळी ओढतानाच प्लॅस्टिक वितळवतात. तिथे उष्णता सोसणारी नुसती ओळखीची खूण हवी.

आणि आपली अडचण इथेच आहे. आपली जमीन स्वतःच चुंबकीय आहे. दख्खनचा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्यातून थिजला, तेव्हा त्यातल्या कणांनी पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५०च्या दशकात ती मोजल्यावर दिसलं की हा पाषाण थिजला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. केवढा जुना साक्षीदार आपण बांधावर रचून ठेवतो! पण त्याच पाषाणाची काळी माती नळीला चिकटते, तिच्यात नॅनो आकाराचे कणही असतात, आणि तेही सूर लावतात. परदेशातल्या स्वच्छ प्रयोगशाळेत जुळलेली ओळख इथल्या चिखलात टिकेल की नाही, हे इथेच मोजावं लागेल.

म्हणून मातीपासून सुरुवात करू. पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या शेतातली मूठभर माती आणा. सावलीत वाळवा, लोखंडी चाळणी वापरू नका, कापडातून गाळा. कागदाच्या पुडीवर गावाचं नाव आणि किती खोलीवरून घेतली ते लिहा. आणि चिरलेली नळी घरी असेल तर तिचाही एक तुकडा आणा, न धुता.