एटीकेटी कुठून आली?

मंडळी, नमस्कार. मघाशी वडापावच्या रांगेत इथे परदेशातच वाढलेल्या एका मुलानं मला विचारलं, "सर, एटीकेटी म्हणजे काय?" त्याचे बाबा एकदम दुसरीकडे बघायला लागले!

एटीकेटी म्हणजे 'अलाऊड टू कीप टर्म्स': एखाद-दुसऱ्या विषयात नापास झालं तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. मूळ रिवाज विलायतेतला. लंडनला बॅरिस्टर व्हायचं तर ठरावीक जेवणांना हजर राहून टर्म, म्हणजे सत्रं, भराव्या लागत. मुंबईला येईपर्यंत जेवणं गळली, टर्म तेवढ्या उरल्या.

आपलं मुंबई विद्यापीठच मुळी तसं आलं. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभं राहिलं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. पुढे लंडननं स्वतःच ते वळण सोडलं. आपल्याकडेही १९०४च्या कायद्यानं विद्यापीठांना शिकवायची मुभा दिली, पण जीव अडकला तो परीक्षेतच.

क्रेडिटचंही, म्हणजे अभ्यास मोजायच्या मापाचंही, तेच. १९९९च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला युरोपातल्या २९ देशांच्या मंत्र्यांनी आपापल्या पदव्या एकमेकींशी जुळत्या करायच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. कायद्याची सक्ती नव्हती, पण शेजारी निघाला की आपण मागे राहून चालत नाही. वर्षाला ६० क्रेडिट, का? तर लिस्बनला शिकलेलं व्हिएन्नात धरलं जावं म्हणून. हे वारं आमच्या कॉलेजात पोचलं तेव्हा क्लार्कनं जुन्याच रजिस्टरात लाल पेनानं एक रकाना वाढवला. पोरं विचारायची, "सर, एक क्रेडिट म्हणजे किती मार्क?" आणि ते क्रेडिट चर्चगेटहून दादरला न्यायचीही तेव्हा सोय नव्हती. क्रेडिट जमा ठेवायची 'बँक' आली २०२१ला. म्हणजे आधी पासबुक, मग बँक.

उसनं घेण्याला माझा विरोध नाही. अण्णासाहेब कर्व्यांनीही घेतलंच की, आणि तेही विलायतेहून नव्हे. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे आली आणि तशीच पडून राहिली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषण तयार करायचं होतं, तेव्हा ती पुन्हा हाती घेतली. पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू! पण जसंच्या तसं नाही. शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. आज ज्याला आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच. पहिल्या वर्गात मुली होत्या पाच.