घड्याळातली चक्रं अल्टिमीटरला का चालत नाहीत

मंडळी, संगणकावरच्या विमानाच्या खेळासाठी, म्हणजे सिम्युलेटरसाठी, घरी कॉकपिट करायचं ठरलं की आपले लोक पहिल्यांदा पॅनलला रंग देतात, मग दिवे लावतात. माझं मत विचाराल तर आधी जे हातात धरायचं ते करा. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांना जमिनीवरच शिकवणारा आपला ट्रेनर उभा केला तो वडिलांच्या कारखान्यातले ऑर्गनचे भाते वापरून. आपल्याकडे ऑर्गन नाहीत, पण जळगावात पीव्हीसी पाइपला काय तोटा! एका पाइपात दुसरा सरकवला, मध्यावर परत यायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे ताणले, की योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, तयार. योकची हालचाल संगणकाला कळवणारा बोर्ड मात्र आर्डुइनोचा लिओनार्डो घ्या. संगणक त्याला थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो, आर्डुइनोच्याच उनोला तसं ओळखत नाही. आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ योक किती फिरला ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरात गेली की आकडे नाचायला लागतात, म्हणून जमलं तर चुंबक आणि ते न शिवता ओळखणारा हॉल सेन्सर लावा.

खरी गंमत अल्टिमीटरची, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणाची. वेग दाखवणारा काटा एका फेरीत भागतो, त्यामुळे तिथे ठरलेल्या कोनात वळून थांबणारी साधी सर्व्हो मोटार निभावून नेते. उंचीचा मोठा काटा दर हजार फुटांना एक फेरा मारतो आणि फिरतच राहतो. मग बरेच जण भिंतीवरचं जुनं घड्याळ उघडतात. काटे दोन, चक्रं आयती! पण घड्याळात मोठ्या काट्याच्या बारा फेऱ्यांना लहान काट्याची एक फेरी होते. अल्टिमीटरला ती दहा फेऱ्यांना हवी. दात मोजून पाहा, जमतच नाही. एकाला दहा अशी चक्रं छापून घ्या, नाहीतर दोन मोटारी लावा.

मोटार स्टेपर, म्हणजे मोजून पावलं टाकत फिरणारी. एसीच्या झडपा हलवणारी ती छोटी, २८बीवायजे-४८, पाच व्होल्टची. एका फेरीत साधारण २०४८ पावलं, म्हणजे फुटाला दोन. सेस्ना १७२ हे छोटं विमान मिनिटाला सातशे फूट चढलं तरी ती आरामात पुरते. तिचा दोष एकच, आपण कुठे उभे आहोत हे तिला ठाऊक नसतं. म्हणून काट्यामागे चुंबक चिकटवायचं. सुरू झाल्यावर सेन्सर सापडेपर्यंत फिरायचं आणि तिथून पावलं मोजायची. दिशा बदलताना गिअरमधल्या ढिलाईमुळे काटा थोडा मागे राहतो, तेवढी पावलं प्रोग्राममध्ये जास्तीची द्यायची.

आता अल्टिमीटरवरची दाबाची खिडकी. बटण फिरवून हवेचा दाब लावायचा, प्रमाण १०१३ हेक्टोपास्कल. जमिनीजवळ एका हेक्टोपास्कलला सत्तावीस-अठ्ठावीस फुटांचा फरक पडतो. इथे फसगत होते. सिम्युलेटर दोन उंच्या देतो, एक विमानाची खरी आणि एक उपकरणावर दिसणारी. तुम्ही खरी घेतलीत तर बटण कितीही पिळा, काटा ढिम्म हलणार नाही. दिसणारी घ्या. मग सिम्युलेटरमध्ये जळगावच्या धावपट्टीवर विमान उभं करा आणि तिथला, पण समुद्रसपाटीला धरून काढलेला दाब लावा. काटा आठशेच्या थोडा पुढे थांबायला हवा. शून्यावर थांबला, तर चुंबकाची जागा तपासण्याआधी दाबाचा आकडा बघा.