वही फिरते, बैठक होत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

भात-नागलीची कापणी-मळणी उरकली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन खाली उतरतात. गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत काम असतं. पोरांच्या शाळेत पालकांची बैठक मात्र लागते कामाच्या वारी, सकाळी अकराला. येणार कोण? मग बैठकीच्या ठरावांची वहीच घरोघर फिरते. कुणी आज सही करतं, कुणी आठ दिवसांनी अंगठा उमटवतं. वर काय लिहिलंय, ते कुणी वाचून दाखवत नाही.

कायद्यानं खरं तर बरंच देऊन ठेवलंय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा आराखडा करायचा, अनुदान कुठं गेलं ते पाहायचं, हे त्यांचं काम. आदिवासी भागात 1996 चा पेसा कायदा त्याच्याही पुढे जातो. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे असावं, असं तो म्हणतो. शाळा त्यातच आली आणि गुरुजीसुद्धा!

मालेगावची गोष्ट वेगळी. राज्यघटनेच्या कलम 30 मुळे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढता येतात, चालवता येतात. पण 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर गेल्या. म्हणजे संस्था समाजाची असली, तरी यंत्रमागावर राबणाऱ्या बापाला तिच्या कारभारात या कायद्यानं जागा नाही. संस्थाचालकांनी दिली तरच.

‘अडाणी पालकांना काय कळतंय?’ हे तर आपण येताजाता ऐकतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये रफ रॉक इथं 1966 साली नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे शाळा आली. मंडळातल्या बहुतेकांचं स्वतःचं शिक्षण जेमतेम. तरी नवाहो भाषा आणि इतिहास वर्गात आला तो तिथंच. आपल्याकडे कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलणारं पोर पहिलीत गप्प बसतं, आणि शेरा पडतो ‘मंद’.

तुम्ही समितीवर असाल, तर पुढची बैठक बाजाराच्या दिवशी लावायला सांगा. आश्रमशाळेत पाच-सहा गावांची पोरं असतात, तिथं तर हे हवंच. मागच्या बैठकीचे ठराव मोठ्यानं वाचायला लावा. खर्चाची पावती मागा. आणि घरी वही घेऊन कुणी आलं, तर त्याला बसवा, चहा द्या, सही देऊ नका.